मावशींचं पाळणाघर आणि एक न पाहिलेलं कार्ड

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं पाळणाघर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, अगदी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले घरमालकसुद्धा. मी दुसऱ्या मजल्यावर राहायचे, घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायचे आणि माझी दोन्ही मुलं याच खोल्यांत रांगायला शिकली. त्यामुळे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं मावशींनीच कधीमधी, मुलांचे धुतलेले कपडे घड्या करता करता सांगितलेलं.

रस्त्याच्या टोकाला बटणांचा कारखाना होता. शर्टांची बटणं, कोटांची बटणं, लहान मुलांच्या स्वेटरांना लागणारी बदकाच्या आकाराची बटणं. कामाला बहुतेक बायकाच. साडेसातला भोंगा व्हायचा, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात मावशींच्या दारात जी धांदल उडायची ती बघण्यासारखी असे. एकेक आई मूल, पिशवी, दुधाची बाटली आणि ‘पहाटेपासून कुरकुरतोय’ अशी एखादी बातमी मावशींच्या हवाली करून धूम ठोकायची. मावशी मूल काखेत, बाटली खिडकीत आणि बातमी डोक्यात ठेवायच्या. संध्याकाळी तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याला बरोबर परत मिळत.

मावशींना डाव्या कानाने अजिबात ऐकू यायचं नाही. नव्या आईला पहिल्या दिवशीच कोणीतरी सांगे, ‘उजवीकडून बोल गं.’ मुलं मात्र पक्की लबाड. एखादं खेळणं ढापायचं असलं की डावीकडून हळूच विचारायची, आणि पकडली गेली की वर, ‘मी विचारलं होतं!’

तो कान गोवराने गेला होता. मावशी सहा वर्षांच्या असताना त्यांच्या घरात गोवर शिरला आणि मोठी ताई सोडून दोन्ही भावंडं एकामागून एक आजारी पडली. त्यांच्या लहानपणी त्याच्यावर लस नव्हती. मावशींचा कान महिनाभर फुटून वाहत राहिला. आठ महिन्यांचा धाकटा भाऊ गेला. आई सूतगिरणीत होती. आजारी पोरांना टाकून ती कशी जाणार? पाच आठवडे ती गेली नाही, आणि सहाव्या आठवड्यात गेली तेव्हा तिच्या यंत्रापाशी दुसरीच बाई उभी होती. मग मोठ्या ताईची शाळा सुटली. अकराव्या वर्षी ती सुताच्या गुंड्या बांधायला लागली, ती थेट म्हातारी होईपर्यंत. ‘ताई माझ्यापेक्षा हुशार होती,’ मावशी म्हणायच्या. ‘तिला पाढे पाठ होते. तिला तर गोवर आलाही नव्हता, पण तिचंच सगळ्यात जास्त गेलं.’

म्हणून पाळणाघराचा एकच कडक नियम होता. दूध कुठलं, झोप किती, याबद्दल मावशी तडजोड करायच्या, पण पहिल्या दिवशी मुलाचं लसीकरणाचं कार्ड दाखवायचंच. वयाप्रमाणे सगळे डोस झालेले हवेत. एकीने एकदा चिडून विचारलं होतं, ‘माझ्या मुलाला नाही टोचलं तर तुमचं काय जातं?’ मावशी म्हणाल्या, ‘माझं काही नाही. त्या पाळण्यातल्या बाळाचं जातं. नऊ महिने झाल्याशिवाय त्याला गोवराची लस देत नाहीत. तोवर त्याला आपणच सांभाळायचं.’

हा नियम मावशींनी चौदा वर्षांत एकदाच मोडला.

शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची बायको कारखान्यात पाकिटखात्यात लागली. बटणं मोजून पाकिटात भरायची. तिची तीन वर्षांची मुलगी होती, उभ्या उभ्या स्वतःभोवती गरागरा फिरून धप्पकन पडायची आणि खदखदून हसायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आई म्हणाली, ‘कार्ड घरातच कुठेतरी आहे. सापडलं की आणते. आठ दिवस द्या मला. आज हजर झाले नाही तर काम दुसरीला देतील.’

‘मला तेव्हाच कळलं होतं,’ मावशी नंतर म्हणाल्या. ‘वस्तू खरंच हरवली की माणूस तिच्यावर चिडून बोलतं. ती चिडली नव्हती. ती घाबरली होती.’

तरी त्यांनी भिंगरीला आत घेतलं. यंत्रापाशी दुसरीच बाई उभी असणं काय असतं, ते त्यांनी घरात पाहिलं होतं. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे तीन महिने. मावशींनी दोनदा आठवण करून दिली, मग कानाडोळा केला. भिंगरी सगळ्यांची लाडकी झाली होती. दुपारी बाकीची मुलं झोपली की ती मावशींच्या मांडीवर बसून त्यांच्या बहिऱ्या कानात तासन्‌तास काहीतरी सांगत राहायची, आणि मावशी हं हं करायच्या.

त्या वेळी पाळणाघरात तेरा मुलं होती. त्यांतला सगळ्यात धाकटा सहा महिन्यांचा ढब्बू, गुबगुबीत गालांचा आणि गंभीर चेहऱ्याचा. त्याची आई रंगखात्यात होती, संध्याकाळी न्यायला यायची तेव्हा तिच्या बोटांवर त्या दिवसाचा रंग असायचा. ‘आज निळा का?’ आम्ही विचारायचो. तीन वर्षं ती हंगामी होती आणि पुढच्या महिन्यात कायम होणार होती. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं असं तिला वाटायचं, पण सगळ्या इमारतीला माहीत होतं.

भिंगरी चार दिवस आजीकडे राहून आली. त्यानंतर दीड-एक आठवड्याने तिला सर्दी झाली, डोळे लाल झाले. सर्दीच आहे असं सगळ्यांना वाटलं आणि मावशींनाही वाटलं. दोन दिवस ती तशीच नाक ओढत खेळली, ढब्बूच्या पाळण्याला झोके दिले. मग ताप चढला आणि आईने तिला घरी ठेवलं. तिसऱ्या दिवशी मावशी तिला बघायला गेल्या. दार उघडताच भिंगरीने मान वळवली आणि कानामागचे लाल ठिपके दिसले. ‘साठ वर्षं झाली होती,’ मावशी मला म्हणाल्या, ‘पण ओळखायला क्षणही लागला नाही.’

तिथून त्या घरी आल्या नाहीत, सरळ आरोग्यकेंद्रात गेल्या. तिथल्या सिस्टर लगेच आल्या, जमिनीवर बसल्या आणि सगळी कार्डं समोर पसरून एकेक तपासली. पुरळ येण्याआधीच चार दिवस गोवर पसरायला लागतो, त्या म्हणाल्या. अकरा मुलांचे डोस झालेले होते. भिंगरी आजारीच होती. उरला ढब्बू.

‘सुरुवातीलाच कळलं असतं तर त्याला काहीतरी देता आलं असतं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आता वाट बघायची.’

आठव्या दिवशी ढब्बूला ताप आला. पुरळाबरोबर छातीत कफ भरला आणि न्यूमोनिया झाला. तो बारा दिवस दवाखान्यात होता, त्यातले पाच नाकात ऑक्सिजनची नळी घालून. मी एकदा बघायला गेले होते. त्याचे गाल कुठे गेले होते कोण जाणे. आई खुर्चीत बसली होती आणि तिच्या बोटांवर कुठलाच रंग नव्हता.

पाळणाघर तीन आठवडे बंद ठेवावं लागलं. आमच्या आणि मागच्या दोन रस्त्यांत मिळून एकोणीस मुलांना गोवर आला. कोणाचीच लस पूर्ण नव्हती. कुठे पहिली राहिली होती, कुठे दुसरी, आणि चार घरांत तर मुळीच नको म्हणून ठरलं होतं. मावशींची अकरा मुलं मात्र त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, भिंगरीने चोखलेल्या त्याच खेळण्यांशी खेळली होती. एकालाही काही झालं नाही. सिस्टर रोज येऊन त्यांचे कान-घसे बघत होत्या. शेवटच्या दिवशी आयांनी त्यांना घेरलं.

‘आमच्या मुलांना टोचलंय, मग आम्ही का घरी बसायचं?’ एकीने विचारलं.

‘कारण तुमच्या मुलांना टोचलंय, पण मागच्या रस्त्यावरच्यांना नाही,’ सिस्टर म्हणाल्या. ‘गोवराला नवीन घर लागतं. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस दिलेली असली की त्याला पुढचं घरच मिळत नाही, तो जागच्या जागी विझतो. मग ज्यांना लस देताच येत नाही, तान्ही बाळं, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुलं, तीही वाचतात. आमच्या पुस्तकात याला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. इथे शंभरात अठ्ठ्याहत्तरच होती.’

‘म्हणजे बावीस जणांमुळे?’

‘बावीस जणांच्या भीतीमुळे म्हणा,’ सिस्टर म्हणाल्या. ‘वाईट कोणीच नव्हतं.’

कारखान्यात पाकिटखात्याच्या चाळीस खुर्च्यांपैकी सतरा रिकाम्या पडल्या होत्या. कोणाचं मूल आजारी, कोणाचं पाळणाघर बंद. कोटांच्या बटणांची एक मोठी मागणी हातची गेली. मॅनेजर स्वतः पाळणाघर कधी उघडणार ते विचारायला आला. एवढा मोठा माणूस, पण मावशींच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला. मावशींनी त्याला सगळं सांगितलं, आणि वर सुनावलं, ‘मूल टोचायला न्यायचं तर बायकांचा अर्धा दिवस बुडतो. तुम्ही त्याचा पगार कापता. मग त्या म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू.’

मॅनेजरने डोकं खाजवलं. ‘एका बाजूला अर्धा दिवस आणि दुसऱ्या बाजूला तीन आठवडे,’ तो म्हणाला. ‘एवढं गणित मलाही येतं, मावशी.’ त्या महिन्यापासून लसीसाठीच्या अर्ध्या दिवसाचा पगार कापणं बंद झालं.

ढब्बूच्या आईला मात्र त्या गणिताचा उपयोग नव्हता. ती कायम होणार होती ती जागा त्याच दिवसांत भरली गेली.

ती दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली होती, तेव्हा मावशी तिच्याकडे गेल्या. हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. तिने दार उघडलं, आत या म्हणाली नाही.

‘मावशी, तुम्हाला माहीत होतं ना, त्या मुलीचं कार्ड नाही ते?’

‘हो.’

‘मग का घेतलंत?’

‘तिच्या आईची दया आली गं.’

‘आणि माझी नाही आली?’

तिने दार लावून घेतलं. मावशी घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बसच्या आवारात गेल्या. ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मध्ये बस धूत होता. भिंगरी तोवर बरी होऊन घरभर फिरत होती. मावशींना बघून त्याने पाइप तसाच चालू ठेवला.

‘आता माझ्या पोरीला दोष द्यायला आलात?’

‘दोष माझा आहे,’ मावशी म्हणाल्या. ‘कार्ड मी बघितलं नाही. मी फक्त विचारायला आले, का नाही टोचलंत?’

पाण्याचा आवाज एवढा होता की त्यांनी त्याला उजव्या बाजूला बोलावलं. तो आधी काहीबाही बोलला, मग म्हणाला, ‘मोठ्या पोराला टोचून आणलं होतं. संध्याकाळी ताप चढला आणि आकडी आली. माझ्या हातात होता तो. डोळे वर, ओठ निळे. दोन मिनिटं असेल, पण मला वाटलं गेला. त्या दिवशी मी ठरवलं, या घरात पुन्हा सुई नाही.’

‘मी असते तर मीही हेच ठरवलं असतं,’ मावशी म्हणाल्या.

त्याने चमकून बघितलं. याआधी त्याला सगळ्यांनी अडाणीच म्हटलं होतं.

‘नंतर डॉक्टरांना विचारलंत का?’

‘त्यांनीच टोचलं, त्यांनाच काय विचारायचं?’

मग मावशींनी त्याला आपल्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. समजावणीचं काही बोलल्या नाहीत. तो कसा होता, काय खायला लागला होता, एवढंच. ड्रायव्हरने नळ बंद केला.

‘ते बाळ कसं आहे?’

‘काल नळी काढली. पण खोकतंय अजून.’

त्या आठवड्यात त्याने एकदा रस्त्यात बस थांबवून ढब्बूच्या आईला विचारलं, दवाखान्यापर्यंत सोडू का. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चालत राहिली. त्याने बस पुढे नेली. पण नंतरच्या सोमवारी तो मोठ्या मुलाला घेऊन आरोग्यकेंद्रात गेला. डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. लहान मुलांना कुठल्याही तापात अशी आकडी येऊ शकते, ती दिसते भयंकर पण बहुतेकदा मागे काही ठेवून जात नाही, आणि गोवराचा ताप तर लशीच्या तापापेक्षा कितीतरी जास्त चढतो, असं त्यांनी समजावलं. मुलगा आता नऊ वर्षांचा होता. तो म्हणाला, ‘बाबा, टोचायचं तर टोचू दे ना, मला खेळायला जायचंय.’ ड्रायव्हर दोन दिवस रजा टाकून घड्याळ घेऊन त्याच्या उशाशी बसला. काही झालं नाही. दंड थोडा दुखला, आणि त्याचं भांडवल करून पोराने गृहपाठ चुकवला.

पुढे हाच ड्रायव्हर सिस्टरांच्या फार कामी आला. बसथांब्यांवर आईबाप रोज उभे असत. कोणाच्या घरी काय भीती आहे ते त्याला बोलता बोलता कळे. सिस्टरांना जे नुसतं ‘बघू’ म्हणून वाटेला लावत, ते त्याच्याशी बोलत. ‘मला कोणी भित्रा म्हणालं तर मी हो म्हणतो,’ तो सांगायचा. ‘भित्रा होतोच. माझ्या भीतीचं बिल भलत्याच घरी गेलं.’ मॅनेजरने शनिवारी कारखान्याच्या जेवणघरात लसीकरणाला जागा दिली. सिस्टर बर्फाचा डबा घेऊन यायच्या. पोरांचं रडणं आणि यंत्रांचा खडखडाट यात कोण वरचढ, अशी स्पर्धाच लागायची. सगळे आले नाहीत. एक घर शेवटपर्यंत नाहीच म्हणालं. पण वर्षभरात अठ्ठ्याहत्तरचे शहाण्णव झाले.

त्याचा उपयोग झाला हे दोन वर्षांनी कळलं. कालव्यापलीकडच्या वस्तीत गोवराची मोठी साथ आली. तिथल्या दोन शाळा बंद झाल्या, दवाखान्यात खाटा पुरेनात. आमच्याकडे तिघांना झाला, तिघेही पलीकडून लागण घेऊन आलेले. सिस्टरांचा जीव टांगणीला लागला होता. पण चौथा रुग्ण निघालाच नाही. भोंगा रोज साडेसातला झाला, पाकिटखात्याच्या चाळीसही खुर्च्या भरलेल्या राहिल्या, आणि पाळणाघर एक दिवसही बंद पडलं नाही. गंमत म्हणजे रस्त्यावर कोणाला त्याचं काही वाटलं नाही. जे घडलंच नाही, त्याबद्दल कोण बोलणार? त्या महिन्यात सगळी चर्चा पाण्याची टाकी गळते याचीच होती. मावशी मात्र रोज संध्याकाळी शेवटचं मूल गेलं की खुर्चीत बसून म्हणायच्या, ‘आजचाही दिवस गेला.’

ढब्बूची आई वर्षभर घरी होती. मग पुन्हा हंगामी म्हणून रंगखात्यात लागली आणि कायम व्हायला तिला आणखी तीन वर्षं लागली. ढब्बूला ती आपल्या बहिणीकडे ठेवायची. तो नीट वाढला, फक्त हिवाळ्यात त्याची छाती वाजायची. रस्त्यात मावशी दिसल्या की ती मान हलवायची, बोलायची नाही. मावशीही तिला थांबवायच्या नाहीत.

तिला दुसरं मूल झालं, मुलगी. तोवर बहीण दुसऱ्या गावी गेली होती. एका सकाळी, भोंग्याला अजून अवकाश असताना, ती बाळाला घेऊन मावशींच्या दारात आली. मी जिन्यात होते. ती म्हणाली, ‘आधी सगळ्यांची कार्डं बघू द्या.’

मावशींनी कपाटातून कार्डांची चळत काढून तिच्यासमोर ठेवली. ती बाळाला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि एकेक कार्ड उघडून तारखा वाचू लागली. तेवढ्यात आलेल्या आया दारातच थांबल्या. कोणी घाई केली नाही. एका कार्डाशी ती थबकली.

‘याचा दुसरा डोस नाही.’

‘आज सकाळी आहे त्याचा. तो टोचून झाल्याशिवाय मी त्याला आत घेणार नाही. त्याच्या आईला सांगून ठेवलंय.’

तिने उरलेली कार्डं वाचली, चळत सारखी केली आणि बाळ मावशींच्या हातात दिलं. ‘उताणी झोपत नाही ही,’ म्हणाली, ‘कुशीवर ठेवा,’ आणि कामावर गेली.

संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा बाळ झोपलेलं होतं. तिने त्याला उठवलं नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसून राहिली, आणि मावशींनी तिला चहा करून दिला.